भोगवटादार हयात आहेत

हे घडलेलं आहे.

कोणाला पटवून द्यायची माझी इच्छा नाही. पण माझ्या कपाटात करखात्याचा गोल शिक्का मारलेला एक कागद आहे. त्यावर माझी सही आहे. ती कोणत्या दिवशी, कुठे बसून केली, ते मला पक्कं आठवतं. बुधवार होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातली पुढची खोली होती.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टी अंधारातच होतात असं आपण धरून चालतो.

नीट कळावं म्हणून थोडं मागून सुरू करते.

माझ्या बहिणीला आम्ही सगळे बेबी म्हणतो. साठी ओलांडली तरी बेबीच. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, वजनकाटे दुरुस्त करायचे. कामात अतिशय चोख. हातानं मात्र घट्ट. नातेवाईक त्यांना मागून 'अर्धा ग्रॅम' म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

उतारवयात त्यांनी एक घर घेतलं. घर लांबट होतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून आत गेलं की शेवटी मागची खोली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे उंच भिंत.

आत यायला आणि बाहेर जायला दार एकच.

घर स्वस्तात मिळालं, कारण त्यासोबत एक अट होती. विकणारा माणूस परदेशी निघाला होता. त्याची म्हातारी काकू मागच्या खोलीत राहायची. खरेदीखतात लिहिलं होतं की ती हयात असेपर्यंत त्याच खोलीत राहील आणि तिला कोणी बाहेर काढू शकणार नाही. त्याखाली म्हातारीनं सही केली होती. अक्षर मोठं, कापरं, ओळ सोडून वर वर चढत गेलेलं.

ती सही मी तेव्हा पाहिली होती. लक्षात ठेवा.

आम्ही तिला 'मागच्या आजी' म्हणायचो. तिचा त्रास काहीच नव्हता. पाणी हवं असलं की ती काठीनं भिंतीवर तीनदा ठोकायची.

टक... टक... टक.

बेबी तांब्या भरून नेऊन द्यायची. आजी म्हणायच्या, "तू आहेस ना, मग झालं."

पाच महिन्यांत आजी गेल्या. दवाखान्यातच गेल्या. पुतण्या दोन दिवसांसाठी आला, सगळं उरकलं, कागद घेतले आणि परत गेला. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

मागची खोली रिकामी झाली. मेहुण्यांनी तिथं जुने काटे आणि रद्दी ठेवली. आजींची खाट उभी करून भिंतीला टेकवली.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर टपालानं एक फॉर्म आला.

घरपट्टीच्या कागदावर दोन रकाने असतात, बघा कधीतरी. एक मालकाचा, दुसरा भोगवटादाराचा. घर ज्याच्या नावावर, तो मालक. घरात जो प्रत्यक्ष राहतो, तो भोगवटादार. बहुतेक घरांत दोन्ही एकच असतात, म्हणून आपण तिकडे बघत नाही. बेबीच्या घराला मालक होते मेहुणे, आणि मागच्या खोलीच्या भोगवटादार होत्या आजी. वृद्ध भोगवटादार असेल तर तिथं पट्टीत सवलत मिळायची. त्यासाठी वर्षातून एकदा लिहून द्यायचं, की 'सदर भोगवटादार हयात असून याच घरात राहत आहेत.'

खाली दोन सह्या. एक मालकाची. एक साक्षीदाराची. आणि बारीक अक्षरांत एक सूचना होती, की साक्षीदार त्या घरात राहणारा नसावा.

मेहुणे फॉर्म घेऊन माझ्याकडे आले.

मी म्हटलं, आजी तर गेल्या.

"गेल्याच की," ते म्हणाले. "नाव कमी करायला मृत्यूचा दाखला लागतो, तो पुतण्यानं नेला. तोवर सवलत कशाला सोडा? आणि ताई, सही केल्यानं कोण उठून बसणार आहे?"

बेबी हसली. मीही हसले.

मी सही केली. कोऱ्या फॉर्मवर. वरचा मजकूर ते नंतर सावकाश भरायचे, तशी त्यांची पद्धत होती. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी जन्मभर शाळेत मुलांना शिकवत आले. स्वतः मात्र सात वर्षं कोऱ्या कागदावर सही करत राहिले.

सात वर्षं, सात वेळा. आजी हयात आहेत, याच घरात राहतात.

पहिल्या वर्षी काही झालं नाही.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी बेबीला मागच्या खोलीतली खाट आडवी दिसली. चारही पाय जमिनीवर टेकलेले. मेहुणे म्हणाले, घसरली असेल. त्यांनी ती उचलून पुन्हा उभी केली. दुसऱ्या दिवशी...

खाट आडवी होती.

तिसऱ्या वर्षी त्या खोलीतल्या रद्दीचे गठ्ठे एका बाजूला सरकलेले असायचे. माणसाला चालायला वाट ठेवावी, तसे.

चौथ्या वर्षी ठोके सुरू झाले.

"उंदीर आहेत," मेहुणे म्हणाले.

"उंदीर मोजून तीनदाच ठोकतो?" बेबीनं विचारलं.

"शिकलेला असेल."

बेबी तांब्या भरून खोलीच्या दाराशी ठेवू लागली. नुसता ठेवायची आणि मागे फिरायची. संध्याकाळी तांब्या रिकामा असायचा. हे तिनं मला पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, खाली मान घालून. मी विचारलं, घाबरत नाहीस का? ती म्हणाली, "पाणीच तर मागतात."

सातव्या वर्षी मेहुणे गेले. दुकानातच, काट्यासमोर बसल्या बसल्या. घर बेबीच्या नावावर झालं. मूलबाळ नाही. मी एकटी, तीही एकटी. मी म्हटलं, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये.

ती हो म्हणाली. मग येते, येते म्हणत सहा महिने गेले.

घर विकायला निघाल्यावर कळलं, की आजींच्या नावाची नोंद असेपर्यंत ते विकता येत नाही. आम्ही दोघी करखात्यात गेलो. तिथला कारकून शांत माणूस होता. त्यानं जुने फॉर्म काढून एकावर एक ठेवले आणि चष्मा वर केला.

"त्या कधी वारल्या म्हणता?"

"सात वर्षं झाली."

"मग गेल्या वर्षी त्या हयात आहेत, ही सही कोणाची?"

माझी होती. 

त्यानं उपाय मात्र सांगितला. यंदाच्या फॉर्मवर 'हयात नाहीत' असं स्पष्ट लिहा, मालकाची आणि साक्षीदाराची सही करा आणि द्या. मग खात्याचा माणूस येऊन खोली बघेल, नाव कमी होईल. एवढंच.

मला हायसं वाटलं. बेबी मात्र पायऱ्या उतरताना म्हणाली, "ताई, मला घरातून निघताच येत नाही गं."

मी म्हटलं, अगं, आत्ता आलीसच की.

"रिकाम्या हातानं येता येतं."

तेव्हा मला ते कळलं नाही.

तर तो बुधवार. मी टॅक्सी घेऊन गेले. चालकाला सांगितलं, पाच मिनिटं थांब, बहिणीला घेऊन येते. बेबीची बॅग भरून तयार होती. फॉर्म पुढच्या खोलीतल्या टेबलावर होता. म्हटलं, तो माझ्याकडे जाऊन निवांत भरू. फॉर्म पर्समध्ये टाकला, बॅग उचलली आणि कडी काढायला गेले.

कडी हलेना.

दोन्ही हातांनी ओढली. हलेना. बेबी मागे उभी राहून बघत होती.

"बॅग खाली ठेव," ती म्हणाली.

ठेवली. फॉर्म असलेली पर्सही टेबलावर ठेवली. एका बोटानं कडी सरकली आणि दार उघडलं. समोर टॅक्सी, ऊन, रस्ता. मी वळून बॅग उचलली...

दार लागलं होतं. मी ते लावलं नव्हतं.

गडबडून जायचं नाही, असा माझा स्वभाव. एकेक गोष्ट बदलून बघितली. बॅग बेबीच्या हातात दिली. दार उघडेना. बॅगेतले कपडे काढून गाठोडं केलं. उघडेना. नुसती रिकामी बॅग धरली. दार उघडलं. बेबीचे कपडे तिथंच ठेवून, नुसती पर्स खांद्याला लावून एकटी निघाले. उघडेना. पर्समध्ये तो फॉर्म होता.

मग फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पर्सही ठेवली. हात रिकामे केले.

तरीही उघडेना.

आता आम्ही दोघी आत होतो.

खिडकीला गज होते. मी गजांतून टॅक्सीवाल्याला हाका मारल्या. तो दहा पावलांवर, गाडीला टेकून उभा होता. त्यानं मान वर केली. माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलं. कोणाचंतरी बोलणं ऐकावं तशी मान हलवली. मग गाडीत बसला आणि निघून गेला.

मी वळले. बेबी खुर्चीत बसली होती. तिनं तिचे कपडे पुन्हा घड्या घालून मांडीवर घेतले होते.

"मी किती वेळा बघितलंय," ती म्हणाली. "दूध आणायला उघडतं. दवाखान्याला उघडतं. परत येणार असले की उघडतं."

तेवढ्यात...

टक.

टक.

टक.

स्वयंपाकघराच्या पलीकडून. काठी भिंतीवर टेकवून, सावकाश.

बेबी उठली. घाई नाही, भीती नाही. तांब्या भरला आणि आत गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. हळू, समजुतीचा. मध्येच ती थांबायची, दुसरं कोणी बोलत असल्यासारखी. त्या थांबण्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी स्वयंपाकघरापर्यंत गेले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खाटेवर चादर अंथरलेली. खाटेवर कोणी नव्हतं. पण चादर मधोमध दबलेली होती, आणि बेबी तांब्या तिरका धरून उभी होती.

पाणी खाली सांडत नव्हतं.

तांब्या रिकामा होत होता.

मी मागे आले.  घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बेबी बाहेर आली. म्हणाली, "दरवर्षीसारखी सही करा, म्हणतायत. मग दार उघडेल."

मला तेव्हा फार हुशारी सुचली. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, फॉर्म कोरा आहे ना? मग करू या सह्या. एकदा बाहेर पडलो, की वरती आपल्याला हवं ते लिहू. हयात नाहीत, असं लिहू. ठसठशीत.

बेबीनं माझ्याकडे बघितलं. मग पेन उचललं.

मालकाच्या जागी तिनं सही केली. साक्षीदाराच्या जागी मी. कोऱ्या फॉर्मवर, सवयीनं.

शाई वाळायच्या आत कडी आपोआप सरकली.

मी पर्स आणि बॅग उचलली आणि बेबीला म्हटलं, फॉर्म घे, चल, पटकन. उंबरा ओलांडला. उन्हात आले. पाच-सहा पावलं गेल्यावर बॅग फार हलकी वाटली, म्हणून वळले.

बेबी उंबऱ्याच्या आत उभी होती. हातात फॉर्म.

"तू जा, ताई. हा मी टपालपेटीत टाकते. साक्षीदार बाहेरचाच लागतो."

दार लागलं.

मी ते पुष्कळ वाजवलं. शेजारचा शिंपी बाहेर आला. त्यानंही धक्के दिले. आतून बेबीचा आवाज आला, की मी ठीक आहे, मला राहू दे. शिंपी माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला, की बहिणीबहिणींच्या भांडणात आपण कशाला पडा.

बॅग मी घरी येऊन उघडली. आत काही नव्हतं. कपडे बेबीनं परत भरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याला फोन केला. चांगलीच चिडले होते मी. तो म्हणाला, "अहो बाई, त्या आजींनीच दार उघडून सांगितलं ना, आज कोणी जाणार नाही, तू नीघ म्हणून."

मी विचारलं, कसल्या आजी?

"काठीवाल्या."

तीन आठवड्यांनी करखात्याकडून शिक्का मारलेली प्रत आली. साक्षीदाराला एक प्रत पाठवतात. मी चष्मा लावून वाचली. मग बसून पुन्हा वाचली.

मालकाच्या रकान्यात मागच्या आजींचं नाव होतं.

भोगवटादाराच्या रकान्यात माझ्या बहिणीचं.

हक्क: तहहयात.

अक्षर मोठं, कापरं, ओळ सोडून वर वर चढत गेलेलं.

मी कारकुनाकडे धावले. म्हटलं, हे आम्ही लिहिलेलं नाही. त्यानं मूळ कागद उजेडात धरून बघितला. खाडाखोड नाही म्हणाला. सह्या तुमच्याच आहेत ना? होत्या. मग काय म्हणणं आहे, बाई?

 कोऱ्या कागदावर सही केली होती, एवढंच माझं म्हणणं होतं.

तेव्हापासून दरवर्षी फॉर्म येतो. आता तो माझ्या पत्त्यावर येतो. त्यात बेबीचं नाव असतं. सदर भोगवटादार हयात असून याच घरात राहत आहेत. आणि मालकाची सही आधीच केलेली असते.

एक वर्ष मी हट्टानं सही केली नाही. म्हटलं, बघू काय होतं ते. शेवटच्या तारखेच्या सकाळी बेबीचा फोन आला. आवाज फार बारीक, दुरून आल्यासारखा.

"ताई, दूधवाला आला होता. मी दारात उभी होते. हाक मारली, हात लावला त्याला. तो माझ्यातून बघत होता गं."

मग म्हणाली, "आरशातही नीट दिसत नाहीये."

मी चपला न घालता करखात्यात गेले. खिडकी बंद व्हायच्या आत सही केलेला फॉर्म दिला.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं तिला विचारलं म्हणे, काकू, काल कुठं गेला होता?

मी तिला भेटायला जाते. दार उघडतं, माझ्यासाठी नेहमीच उघडतं. ती बरी आहे. थोडी सुकली आहे. परवा गेले तेव्हा ती मधल्या खोलीत नव्हती. मागच्या खोलीतून बाहेर आली. म्हणाली, झोपायला हीच खोली बरी पडते.

मधल्या खोलीत आता कोण झोपतं, ते मी विचारलं नाही.

बोलता बोलता तिला तहान लागली. तांब्या समोरच होता. पण तिनं हात पुढे केला नाही. बसल्या जागी, बोटाच्या पेरानं, तिनं भिंतीवर ठोकलं.

तीनदा.

मी उठून पाणी दिलं.

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. सही अजून नीट येते, म्हणून रोज एका वहीत गिरवते.

यंदाचा फॉर्म काल आला. या वेळी मी तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. साक्षीदाराच्या सहीखाली आणखी एक ओळ आहे. आजवर ती नव्हती. 'साक्षीदाराच्या पश्चात साक्षीदार', असं लिहिलंय, त्याच चढत्या अक्षरात. पुढे जागा कोरी.

भाचे आहेत, शेजारी आहेत, इतक्या वर्षांत शिकून मोठी झालेली कितीतरी मुलं आहेत. माझ्या एका शब्दावर कोणीही सही करेल. न वाचता करेल.

कोणाला सांगू?

आणि नाही सांगितलं, तर माझ्यामागे बेबी हयात आहे, हे लिहून कोण देणार?